जुना ब्लॉग पुन्हा उभा करायचाय: थीमच्या आधी काय करावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २००९ साली ब्लॉगर या गूगलच्या फुकट सेवेवर सुरू केलेला घाटवाटा आणि किल्ल्यांचा ब्लॉग. २१४ लेख. २०१७ नंतर नवा लेख नाही. आता निवृत्तीनंतर सवड आहे, तर वर्डप्रेसवर (साइट चालवायची दुसरी व्यवस्था) जावं का, थीम (ब्लॉगचं रूप ठरवणारा तयार साचा) कोणती घ्यावी, स्वतःचं डोमेन (साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता) हवं का, वाचक परत कसे येतील, आणि लोक लेख चोरतात त्याचं काय करायचं. शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय: "मलाच माझा रतनगडाचा दुसरा भाग सापडत नाही." माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

मी गेली सतरा वर्षं मराठीत लिहिणाऱ्यांच्या साइट बांधतो आणि सांभाळतो. बहुतेक जण थीमपासून सुरुवात करतात, कारण तो बदल लगेच डोळ्यांना दिसतो. दोन महिन्यांनी नव्या रंगात तेच तुटलेले दुवे आणि तेच रिकामे फोटो उरतात, आणि उत्साह संपलेला असतो. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जाऊन तासभर ब्लॉग वाचला. लिखाण फार चांगलं आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

आधी त्या हरवलेल्या दुसऱ्या भागाचं. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून शिड्यांपर्यंतचा तुमचा पहिला भाग उघडला. तळाशी "पुढचा भाग इथे वाचा" असं आहे, त्यावर टिचकी मारली तर पान येत नाही. लेख शाबूत आहे, पत्ता मेला आहे. २०१२ पासून भारतातून कुठलाही ब्लॉगर-ब्लॉग उघडला की पत्त्याच्या शेवटी डॉट कॉमच्या जागी डॉट इन दिसायचं. आपण सगळ्यांनी वरच्या पट्टीतून तो पत्ता उचलला आणि आपल्याच लेखांमध्ये चिकटवला. पुढे २०२० मध्ये ते डॉट इनचं डोमेन गूगलच्या हातातून गेलं, आणि त्या काळात जोडलेले लाखो दुवे एका फटक्यात निकामी झाले. तुमचा दुवा त्यातलाच. त्यातलं इन काढून कॉम लिहिलं आणि दुसरा भाग समोर आला. नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून वाऱ्याचा आवाज ऐकण्याचं वर्णन त्यात आहे. तुमच्या ब्लॉगवरचं ते सगळ्यात सुंदर पान असेल, आणि इतकी वर्षं तिथवर वाट नव्हती.

शोधून का सापडला नाही, त्याचीही कारणं आहेत. त्या लेखाच्या शीर्षकात रतनगड हा शब्दच नाही, "नेढ्यातून खाली" एवढंच आहे. लेबल (लेखाला लावलेली विषयाची खूण) तीन तऱ्हेने लिहिलंय: रतनगड, रतन गड आणि रोमनमध्ये. शिवाय ब्लॉगर पत्ता तयार करताना शीर्षकातली रोमन अक्षरंच घेतो. शीर्षक पूर्ण देवनागरी असेल तर पत्त्यात नुसतं "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे एखादा आकडा येतो. तुमच्या २१४ पैकी बहुतेक लेखांचे पत्ते असेच असणार. त्यावरून कोणता लेख कुठला हे माणसालाही कळत नाही आणि शोधयंत्रालाही काही आधार मिळत नाही.

आणखी एक अडचण मराठीची स्वतःची आहे. "पायऱ्या" हा शब्द घ्या, किल्ल्यांच्या ब्लॉगवर तो शेकडो वेळा येणार. त्यातला ऱ्य दोन पद्धतींनी टंकता येतो. एकात नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द. तुम्ही मध्ये कधीतरी कीबोर्ड बदलला असेल, तर अर्ध्या लेखांतल्या "पायऱ्या", "दऱ्या", "किनाऱ्या" दुसऱ्या जातीच्या असतील. "ॲ"चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर आहे, दुसरं म्हणजे अ वर चंद्र ठेवून केलेलं. मी कुठलीही जुनी मराठी साइट हातात घेतली की पहिल्या दिवशी ही दोन अक्षरं तपासतो.

आता कामाचा क्रम. सगळ्यात आधी लेखन सुरक्षित करा. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, तिथून लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त झालेले आणि नंतर फोटो गमावलेले लोक मी पाहिलेत. गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला साठा उतरवून घ्यायची सोय) फोटो वेगळे मागवा. दोन प्रती ठेवा, एक संगणकावर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आणि फाइल एकदा उघडून बघा. साध्या मजकूर-संपादकात उघडते. त्यात तुमची मराठी वाक्यं नीट वाचता आली पाहिजेत. मराठीच्या जागी टोपीवाल्या, शेंडीवाल्या रोमन अक्षरांची रांग दिसली, तर संपादक फाइल चुकीच्या संकेतनात (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) उघडतोय. यूटीएफ-८ हे संकेतन निवडून पुन्हा उघडा, आणि बिघडलेली अक्षरं दिसत असताना फाइल कधीही "सेव्ह" करू नका.

बॅकअपइतकीच मालकी महत्त्वाची, आणि या बाबतीत मी जरा हट्टी आहे. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे आलं. वडील लोककथा गोळा करत, त्यांची स्वतःच्या नावाची साइट होती. ती गावातल्या एका संगणकवाल्याने बनवून दिलेली, डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंगचा (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचा) पासवर्ड त्याच्याकडे. वडील गेले, दुकान बंद झालं, नूतनीकरणाच्या सूचना कुणीच न उघडणाऱ्या ईमेलवर जात राहिल्या. डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. सवलतीचे काही दिवस मिळतात (डोमेन विकणाऱ्यावर अवलंबून, जास्तीत जास्त ४५), मग जास्तीचं शुल्क भरून सोडवून घ्यायचे ३० दिवस, शेवटी नोंद पुसली जाण्याआधीचे ५ दिवस, आणि मग ते कुणालाही विकत घेता येतं. ते माझ्याकडे आले तेव्हा हे सगळे टप्पे उलटून गेले होते, आणि वडिलांच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात होती. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारा साठा) आम्ही साठ-सत्तर पानं परत मिळवली. बाकीची कुठेच नव्हती.

म्हणून तुमच्यासाठी तीन कामं, थीमच्या कितीतरी आधी. ब्लॉग ज्या गूगल खात्यावर आहे त्याचा पासवर्ड, मोबाइल नंबर आणि पर्यायी ईमेल आजचे आहेत का पाहा. २००९ मधला नंबर तिथे असेल तर आजच बदला. गूगलच्या धोरणानुसार वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते आतल्या मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं, तेव्हा ब्लॉगसाठी काढलेलं वेगळं खातं असेल तर त्यात लॉगिन करत राहा. दुसरं, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला ब्लॉगचा ॲडमिन करा. तिसरं, डोमेन घेणार असाल तर स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि पाच-दहा वर्षांचे पैसे एकदम भरा. डॉट कॉम घ्या की डॉट इन, फार फरक पडत नाही. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि मला त्याबद्दल आपुलकी आहे, पण फोनवर पत्ता सांगताना आणि टंकताना लोक अडखळतात, म्हणून ते जोडीला ठेवावं. मूळ पत्ता रोमन असावा.

वर्डप्रेसवर जावं का? हे तुमच्यावर अवलंबून आहे. महिन्यातून एकदा अद्ययावत करणं, प्लगिन (जोडलेल्या जास्तीच्या सोयी) सांभाळणं, होस्टिंगचं बिल भरणं हे तुम्ही किंवा घरातलं कुणी वर्षानुवर्षं करणार असेल तर जरूर जा, मोकळीक जास्त मिळते. ते होणार नसेल तर ब्लॉगरवरच थांबा. सांभाळ न झालेली वर्डप्रेस साइट दोन-तीन वर्षांत कुणीतरी फोडतं, हे मी अनेकदा निस्तरलंय. तुमचा ब्लॉग आठ वर्षं कुणी हात न लावता तसाच उभा आहे हे विसरू नका. तुमच्या जागी मी असतो तर ब्लॉगरवरच राहिलो असतो आणि फक्त स्वतःचं डोमेन जोडलं असतं. ते जोडलं की ब्लॉगरने दिलेला जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्याकडे वळतो.

वर्डप्रेसवर गेलातच तर एक जपा: जुना प्रत्येक पत्ता नव्या जागी पोहोचलाच पाहिजे. २०१२ मध्ये एका प्रवासवर्णनाच्या साइटचं स्थलांतर करताना मी सगळे पत्ते "सुंदर" केले आणि जुने वळवले नाहीत. तीनशेच्या वर लेख होते. इतरांनी आपापल्या लेखांत दिलेले दुवे, वाचकांनी जपून ठेवलेल्या खुणा, सगळं एका रात्रीत तुटलं. त्या लेखकाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण ती चूक मला आजही खुपते. म्हणून तुमचे "ब्लॉग-पोस्ट"वाले कुरूप पत्तेही आहेत तसेच राहू द्या. नव्या लेखांना मात्र छापण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाचा कायमचा पत्ता ठरवायची जागा) रोमन अक्षरांत छोटा, अर्थपूर्ण पत्ता द्या. देवनागरी पत्ता चिकटवला की एकेका अक्षराचे नऊ वर्ण होतात आणि व्हॉट्सॲपवर टक्केचिन्हांचा ढीग दिसतो.

आता दुरुस्ती. इथे तुमचे पुढचे सहा महिने जातील, आणि मला वाटतं हेच काम तुम्हाला सगळ्यात आवडेल. एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये २१४ लेखांची यादी करा: शीर्षक, महिना-वर्ष, किल्ला किंवा घाट, तालुका, जिल्हा, फोटो दिसतात का, दुवे चालतात का. रोज दोन लेख घेतले तरी चार महिन्यांत यादी पूर्ण होते. मग दुरुस्तीला तारखेच्या क्रमाने जाऊ नका. जे लेख लोक आजही वाचतात ते आधी. ते कोणते हे गूगल सर्च कन्सोल दाखवतं, फुकट आहे, आणि लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात तेही कळतं.

जुन्या लेखाचा मजकूर बदलायचा नाही, असा माझा आग्रह आहे. २०११ च्या फेब्रुवारीत टाक्यात पाणी किती होतं, शिडी कुठली तुटली होती, गावात कुणाच्या ओसरीवर झोपलात, ही त्या काळची नोंद आहे. ती आता दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. शुद्धलेखन सुधारा, पण अनुभवाला हात लावू नका. लेखाच्या डोक्यावर वेगळ्या चौकटीत दोन-तीन ओळी घाला: भटकंती कधीची, आणि वाट, एसटी, मुक्कामाची माहिती शेवटची कधी तपासली. तपासली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. डोंगरात जुन्या माहितीवर विसंबलेला माणूस अडकतो, म्हणून ही चौकट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

त्याच चौकटीत नावं जुळवून घ्या. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई तुमच्या लेखांत अहमदनगर जिल्ह्यात आहेत, आता तो अहिल्यानगर. देवगिरीच्या लेखात औरंगाबाद आहे, तिथे छत्रपती संभाजीनगर. नळदुर्गाच्या लेखात उस्मानाबाद आहे, तिथे धाराशिव. मजकुरातलं जुनं नाव राहू द्या, वर नवं लिहा. दोन्ही नावांनी शोधणारे पोहोचतील. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले साल्हेर, राजगड, लोहगड आणि विजयदुर्ग तुमच्या ब्लॉगवर आहेत. तिथे नवा वाचक येणार, तेव्हा हे चार लेख यादीत सगळ्यात वर ठेवा.

आणि कृपा करून फोन नंबर काढा. तुमच्या निदान पाच लेखांत गावातल्या वाटाड्यांचे, जेवण देणाऱ्या काकूंचे नंबर मला दिसले. तेव्हा चांगल्या हेतूनेच दिले होते, सगळेच द्यायचे. पण पंधरा वर्षांत नंबर दुसऱ्याकडे जातो, माणूस शहरात जातो, कधी जगातच नसतो. माझ्या एका लेखकाच्या साइटवर असाच एक नंबर होता. तो पुढे एका नर्सबाईंकडे गेला आणि दर शनिवारी रात्री त्यांना "उद्या आठ जणांचं जेवण होईल का" असे फोन यायचे. त्यांनी शोधत शोधत आम्हाला गाठलं तेव्हा आम्हाला कळलं. ज्यांच्याशी आजही संबंध आहे त्यांना विचारा, हो म्हणाले तरच नंबर ठेवा.

फोटो. जिथे राखाडी चौकोन दिसतात ते बहुधा दुसऱ्या फुकट साइटवर ठेवलेले फोटो होते. मूळ फोटो जुन्या सीडी, हार्ड डिस्कवर असतील. सापडतील तेवढे परत चढवा, या वेळी थेट ब्लॉगरवर. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी दीड हजार पिक्सेलच्या आसपास आणून दोन-तीनशे केबीत बसवा. तुमचा वाचक एसटी स्टँडवर, दोन कांड्यांच्या रेंजमध्ये ते पान उघडत असतो. फोटोखाली काय दिसतंय ते मराठीत लिहा. मूळ फोटो मिळाला नाही तर चौकोन काढून टाका, "इथे त्र्यंबक दरवाजाचा फोटो होता" असं लिहिलंत तरी चालेल.

यानंतर थीम. तुमच्या प्रश्नात ती पहिली होती, माझ्या उत्तरात इथे येते. ब्लॉगरची साधी, मोबाइलवर नीट दिसणारी कोणतीही चालेल. मराठीसाठी पाहायच्या गोष्टी मात्र नेमक्या आहेत. बहुतेक थीम इंग्रजीसाठी बनतात, त्यात शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांत तुटते. ते अंतर शून्य करा. तुमच्या आत्ताच्या थीममध्ये ब्लॉगचं नावच असं तुटलेलं दिसतं. ओळींमधली जागा अक्षराच्या पावणेदोन पट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत अडकतात. तिरकी अक्षरं आणि दोन्ही कडा जुळवलेला मजकूर टाळा. मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लांब लेखाला चांगले दिसतात. ब्लॉगची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

लेख कुणी चोरू नये म्हणून तुम्ही ब्लॉगवर माउसचं उजवं बटण बंद करणारं कोड घातलंय, ते काढून टाका. चोरणारा फोनवर लांब दाबून किंवा स्क्रीनशॉट काढून चोरतोच. अडतो तो एखादा परिच्छेद आईला पाठवू पाहणारा प्रामाणिक वाचक. त्याऐवजी प्रत्येक लेखाच्या तळाशी तुमचं नाव आणि लेखाचा पत्ता लिहा. निदान काही नकलांबरोबर तो पुढे जातो.

वाचक परत कसे येतील, याला माझ्याकडे खात्रीचं उत्तर नाही. माझ्या पाहण्यात एक गोष्ट चालली आहे: जिल्ह्यानुसार आणि डोंगररांगेनुसार केलेलं एकच अनुक्रमणिकेचं पान, ब्लॉगच्या माथ्यावर. वाचक एका लेखावर येतो, अनुक्रमणिका दिसते, तो आणखी तीन वाचतो. तुमच्या यादीतून हे पान आपोआपच तयार होईल. आकडे मात्र महिन्यातून एकदाच बघा. आणि जुन्या प्रतिक्रिया वाचताना मध्येच तुटलेले संवाद दिसले तर घाबरू नका. २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा तिथून आलेल्या प्रतिक्रिया ब्लॉगवरून गेल्या, त्यात तुमची काही चूक नाही.

नव्या लेखाची घाई नको. पण दुरुस्ती करता करता सुचेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. रतनगडाच्या दुसऱ्या भागाखाली २०१४ मध्ये एकाने विचारलंय की खुट्ट्याकडून, म्हणजे गडाशेजारच्या सुळक्याकडून, वर येणारी वाट अजून वापरात आहे का. त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही. दुवा दुरुस्त कराल तेव्हा तेही देऊन टाका.